आडखोरीची हद्द

बा, तुला वाचता येत नव्हतं, म्हणूनच हे लिहायचं धाडस करतोय. तू गेलास त्याला बारा वर्षं झाली. या बारा वर्षांत मी इतके अर्ज, निवेदनं आणि ठराव लिहिलेत की साधं घरचं काही लिहायला बसलो तरी हात ‘वरील विषयास अनुसरून’ असाच वळतो. तुझी सून म्हणते, तुमी झोपीतही ठराव वाचता. खोटं नाही ते. घरात आपण कोलामी बोलायचो, पण कोलामी लिहायची माझ्या हाताला सवय नाही, म्हणून तुझं बोलणंसुद्धा इथं चावडीतल्या बोलीत उतरेल, ते चालवून घे. आज चावडीत तुझं नाव निघालं. पुष्कळ वर्षांनी निघालं. ज्या कारणानं निघालं त्यातलं खरं काय ते दोघांनाच ठाऊक होतं. त्यातला एक मेला, आणि दुसरा बोलत नाही.

आपल्या पोडाचा, म्हणजे या कोलामवस्तीचा, नाईक तू आधीपासून होतास. ते नाईकपण तुझ्या बापाकडून आलेलं, त्यात तुझी काही करामत नव्हती. पण जंगलाचा हक्क गावाच्या नावावर होतो, गावानंच ते राखायचं आणि गावानंच त्यातलं घ्यायचं, असं सांगत झरीहून माणसं आली आणि समिती करायची वेळ आली, तेव्हा अध्यक्ष म्हणून चावडीत दुसरं नाव कोणी घेतलंच नाही. आणि ते का घेतलं नाही हे मला चांगलं माहीत होतं. मोहाची फुलं पहाटे गळतात. खाली पाचोळा असला की वेचायला त्रास, म्हणून लोक पाचोळा पेटवून देतात आणि घरी येऊन चहा पितात; मग ती आग कुठवर जाते ते आगीलाच ठाऊक. तू ते बंद केलंस. झाडूनं झाडायचं, पेटवायचं नाही. जो पेटवेल त्याच्या घरानं पुढच्या हंगामात साऱ्या पोडाच्या मोहाखाली झाडून द्यायचं, असा तुझा नेम. पहिल्याच वर्षी पेटवणारं कोण निघावं? आपली माय! माझ्या लहान बहिणीला ताप होता, उशीर झाला होता, मायनं काडी ओढली. कोणी पाहिलं नव्हतं. राख फक्त तू पाहिलीस, आणि संध्याकाळी चावडीत उठून म्हणालास, “पहिलं घर माहंच हाये.” बस. पुढचा सगळा मोह माय लोकांच्या झाडाखाली झाडत होती आणि तू दुसरा झाडू घेऊन तिच्या मागं. माय येता-जाता बायकांना सांगायची, “जगाचा नाईक हाये हा, घरचा वैरी.” पाच-सहा दिवस ती तुझ्याशी बोलली नाही. मग एका सकाळी पाठ न वळवता म्हणाली, “ते तिकडचं राह्यलं, दिसत नाई काय?” आणि तुला कळलं की भांडण मिटलं. हे तू किती जणांना हसून हसून सांगितलंस. मी हे सगळं पाहिलेलं आहे, बा. मला कोणी शिकवलं नाही असं म्हणायची सोय तू ठेवली नाहीस.

दावा करायचा तर हद्द दाखवावी लागते. कोणतं जंगल आमचं, कुठून कुठवर, ते पायांनी चालून दाखवायचं. तालुक्याला दोन दिवस शिकवणी झाली आणि पोडात बारावी पास मी एकटाच, म्हणून ते मोजायचं मशीन माझ्या हातात आलं. मोबाईलएवढंच होतं. हद्द जिथं वळेल तिथं थांबायचं, बटण दाबायचं, मशीन ती जागा लक्षात ठेवतं, आणि मग दोन जागांच्या मधी आपलं आपण सरळ रेघ ओढतं. एवढं सोपं. सोपं होतं म्हणूनच मी शेफारलो असेन. तुम्ही तिघं म्हातारे पुढं चालायचात आणि मी मागं मशीन घेऊन, गळ्यात दोरी घालून, जसा काही मीच साहेब. तू सांगत जायचास. या दगडापाशी तुझ्या आज्याला अस्वलानं धरलं होतं. हे बिजाचं झाड माझ्या लग्नाच्या वर्षी एवढंसं होतं. इथून पलीकडचं त्या खालच्या गावाचं, तिथं आपण पाय ठेवत नाही, त्यांचे बांबू त्यांचे. मी ऐकत नव्हतो, फक्त “इथी दाबू का?” असं विचारत होतो. पहिल्या दिवशीच तुझ्या टाचेत काटा मोडला. तू तो सुईनं काढलास, वर बिब्याचा चटका दिलास आणि दुसऱ्या दिवशी लंगडत पुन्हा पुढं.

तिसऱ्या दिवशी दुपारी आपण खिंडीत पोचलो. आता राहिली होती फक्त आडखोरी. टेकडीच्या मागं आड पडलेली ती खोलगट जागा, वरून पाहिली तर फक्त रायमुनियाची, त्या काटेरी घाणेरीची, झाडोरी दिसते. पण खाली उतरलं की पाण्याचा झिरा, झिऱ्याच्या वर मोहाची जुनी झाडं, आणि त्यातली आठ मोठमायची. तुझ्या मोठ्या भावाच्या मागं तिच्याजवळ दुसरं होतं काय? दोन एकर मुरमाड आणि ती आठ झाडं. खिंडीतून खाली उतरायचं, झिऱ्याला वळसा घालायचा आणि पलीकडं टेकडीच्या शेंड्याला निघायचं, असा दीड-दोन तासांचा फेर होता. पाणी संपलं होतं, दोघं म्हातारे गावाकडं निघून गेले. तू उठलास, म्हणालास, “चाल, मी येतो हळूहळू.” मी म्हणालो, “तू कायले येतं, बा? टाच पाह्य ना आपली. मी फिरून येतो. तू घरी जाय.” कोणालाही वाटेल, पोरगा बापाची काळजी करतोय. काळजी कसली! बाजाराच्या गावात पाच वाजता कबड्डीचा शेवटचा सामना होता, आणि माझ्यावाचून आमच्या टीमचं पान हलत नाही असं मला वाटायचं. तू बरोबर असतास तर खाली उतरावंच लागलं असतं.

मी उतरलो नाही. खिंडीत बटण दाबलं, टेकडीच्या माथ्यावरून सरळ गेलो, पलीकडच्या शेंड्याला पुन्हा दाबलं. पंधरा मिनिटं लागली असतील. मनात म्हणालो, कागद आहे, मागाहून दुरुस्त होतो. आणि तिकडूनच बाजाराच्या गावाला उतरलो. तू टाच टेकवत एकटा घरी गेलास. दिवेलागणीला मी आलो तर माझे दोन्ही गुडघे फुटलेले, कोपर सोललेलं. तू चुलीपाशी बसला होतास. माझ्याकडं पाहून म्हणालास, “अरे बापा, रायमुनियानं लय ओरबाडलं रे तुले.” मायनं हळद गरम केली. तू विचारलंस, “झिऱ्यापाशी दाबलं ना?” मी म्हणालो, “दाबलं.” हळद झोंबत होती म्हणून डोळ्यात पाणी आलं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. आणि खरंच ते नुसतं हळदीचंच होतं, बा. तेव्हा मला काहीसुद्धा वाटलं नव्हतं. जे वाटायचं ते फार उशिरा वाटायला लागलं.

पुढं दावा तयार झाला, ग्रामसभेत वाचला गेला. किती हेक्टर ते वाचलं, टाळ्या वाजल्या. हेक्टर ऐकून कोणाला काय समजतं? तपासणीला माणसं आली त्यांनी गावाकडची हद्द पाहिली, लांबची राहिली. दीडेक वर्षानं कागद आला आणि त्याच्याबरोबर नकाशा. त्या दिवशी पोडात डफ वाजला होता, तुला आठवत असेल. बायकांनी तुला ओवाळलं, तू लाजून पागोटं सारखं करत होतास. मग नकाशा चावडीत घोंगड्यावर पसरला. तुला अक्षर येत नव्हतं, पण नकाशा तुला माझ्याहून चांगला कळला. बोट ठेवून तू निघालास. हा नाला. हा दगड. ही खालच्या गावाची शीव. ही खिंड. आणि मग तुझं बोट सरळ गेलं. तू ते मागं आणलंस, पुन्हा चालवलंस, पुन्हा सरळ गेलं. मोठमाय पुढं येऊन वाकून पाहत होती. म्हणाली, “भाऊजी, माहे मोहं कोन्त्या बाजूले आले?” तू मान वर केलीस आणि माझ्याकडं पाहिलंस. एकदाच. रागानं पाहिलं असतंस तर बरं झालं असतं. तू असं पाहिलंस की जशी तुझीच काही चीज कुठं पडली आणि ती मला सापडली का, एवढंच विचारायचं आहे.

मी खाली पाहिलं. तेवढ्यानं तुला सगळं कळलं.

तू उभा राहिलास आणि म्हणालास, “चूक माही हाये. तिसऱ्या दिवशी माहा पाय चालत नोता. म्याच म्हनलं पोराले, राहू दे खालचं, सरळ चाल.” मग कोणीतरी म्हणालं, “नाईक, तुले थकाचंच होतं तं सांगाचं होतं ना बापा. आमी गेलो असतो.” यात चुकीचं काही नव्हतं, सगळे गेले असते. मोठमाय तुझ्यासमोर तशीच उभी. “आठ झाडं, भाऊजी,” एवढंच ती म्हणाली, “आठ झाडं.” मी तिथंच होतो. तोंडात जीभ होती. एक वाक्य लागलं असतं. ज्या माणसानं बायकोची काडी चावडीत सांगितली, तो पोराच्या वेळेला खोटं बोलला. तुझ्या उभ्या आयुष्यातलं ते एकच खोटं मी तुझ्याकडून बोलवून घेतलं.

त्या संध्याकाळी मी वाट पाहत होतो. म्हटलं, आता घरी गेल्यावर मारेल, नाहीतर शिव्या देईल, माझी चामडी लोळवील. मायनं भाकरी थापल्या, अंबाडीची भाजी होती. तू जेवलास. मायनं दोनदा विचारलं, “खरंच तू म्हनलं होतं पोराले? तू?” तू म्हणालास, “भाकर चांगली भाजली आज.” हात धुतलेस, आणि माझ्याकडं न पाहता विचारलंस, “थे मशीन तवाच वापस केलं होतं काय?” मी म्हणालो, “केलं.” “बरं केलं,” म्हणालास, आणि खाटेवर जाऊन पडलास. एवढीच माझी शिक्षा. त्यापेक्षा दोन दणके दिले असतेस, तर मी तिथंच रडून मोकळा झालो असतो आणि दुसऱ्या दिवशी चावडीत जाऊन बोललोही असतो. आता वाटतं असं. तेव्हा बोललो असतो की नाही, कोणास ठाऊक.

पुढच्या सभेला कोणी तुझ्याविरुद्ध बोललं नाही. फक्त अध्यक्षाच्या जागेवर दुसऱ्या एकाला बसवलं, आणि तू दाराजवळ बसलास. नाईक तू राहिलासच, लग्नात पहिला मान तुझा, पण जंगलाचं काही विचारायचं तर तुला कोणी विचारेना. आडखोरी रेघेबाहेर राहिली, म्हणून तिला वनखात्याची तार पडली. चर खणले, रोपं लावली, आत जायचं बंद. मोठमायची आठही झाडं तारेच्या आत. मोहाच्या दिवसांत ती टोपली घेऊन तारेपाशी जाऊन बसायची, पलीकडं फुलं पडलेली दिसायची आणि वेचता यायची नाहीत. मग उन्हं वर आली की परत यायची आणि कोणाच्या तरी झाडाखाली, “वेचू देता काय?” असं विचारायची. जिच्या झाडाखालची फुलं लोकांनी मागून नेली, ती मागायला लागली. तिनं आपल्या दारात पाय टाकणं सोडलं. तू मात्र जंगलात जाणं सोडलं नाहीस. अध्यक्ष नाही, पाळी नाही, तरी रोज. आग दिसली की हिरवी फांदी तोडून झोडपत बसायचास, आणि कोणी विचारलं तर म्हणायचास, “रिकामा हावो म्हनून येतो.”

शेवटच्या वर्षी तुला दम लागायला लागला. तरी एक दिवस म्हणालास, खिंडीपर्यंत नेऊन आण. मी तुला धरून नेलं. चार जागी बसलो तेव्हा पोचलो. तू खाली आडखोरीकडं पाहत होतास, पानगळ झालेली, तार चमकत होती. मला वाटलं, आता काढतो विषय. तू म्हणालास, “का रे, त्या दिवशी तुही टीम जितली होती काय?” कोणी सांगितलं तुला, कधी सांगितलं, मी कधी विचारलं नाही. मी म्हणालो, “हारलो, बा.” तू माझ्याकडं वळून पाहिलंस आणि एवढा हसलास, एवढा हसलास की खोकल्याची उबळ आली. पाठ चोळत होतो तरी हसतच होतास. “मंग तं सारं बेकारच गेलं रे,” म्हणालास. मी सांगणार होतो, बा. बा, मी उद्याच चावडीत सांगतो, हे वाक्य अगदी ओठापर्यंत आलं होतं. तू हात हलवलास, जसा माशी हाकलतो तसा, आणि म्हणालास, “चाल, ऊन चढून राह्यलं.” आणि मी ते ऐकलं. तू म्हणालास म्हणून ऐकलं असं नाही. सुटलो म्हणून ऐकलं.

तू मोठमायला दोनदा निरोप धाडलास. येऊन जा म्हणावं, एकदा तोंड दाखव. दोन्ही वेळा मीच गेलो निरोप घेऊन. तिनं तांदूळ निवडता निवडता मान हलवली. “त्याले म्हना, माह्याजवळ द्याले आता काई नाई.” मी परत येऊन तुला सांगितलं, मोठमाय बिमार आहे. तुझ्या मातीला ती आली, पण घरात आली नाही. बाहेर चिंचेखाली बसली, आणि उचललं तेव्हा उठून उभी राहिली, बस. त्या दिवशी मी सगळ्यांत मोठ्यानं रडलो. बाया म्हणाल्या, लेकाचा जीव होता बापावर. होता, खरंच होता. त्या रडण्यात बाकी जे होतं ते त्यांना कुठं दिसणार?

मग मी अध्यक्ष झालो. तुझ्यानंतर दोघं होऊन गेले, तिसरा मी. लोक म्हणाले, शिकलेला आहे, ऑफिसात बोलतो, याच्या अंगात धमक आहे. धमक! आडखोरी परत आणायची हेच मी धरून बसलो, आणि लोकांना वाटलं, बापाची चूक लेक निस्तरतो. तसं तोंडावर म्हणायचे सुद्धा: “बापानं घालवलं, लेक आनून राह्यला.” मी ‘हो’ही म्हणालो नाही आणि ‘नाही’ही म्हणालो नाही. तेंदूच्या वेळी पानं किती खुडायची, बांबूच्या बेटातला कोणता काढायचा, कोणता ठेवायचा, चारोळी कोणत्या दिवसाच्या आधी उतरवायची नाही, सगळं तुझ्यासारखंच केलं. माझ्याच मेव्हण्यानं कच्ची चारोळी उतरवली तर त्याला चावडीत उभा केला, आणि लोक म्हणाले, अगदी नाईकाचा पोरगा. बाकी सगळं तुझ्यासारखं जमलं, बा. एक सोडून.

आता दोन महिन्यांखाली दुरुस्तीची वाट निघाली. हद्द चुकली असेल तर ग्रामसभेनं ठराव घ्यायचा, कारण लिहायचं, मग पुन्हा मोजणी. कारण काय लिहायचं ते विचारायला मी ऑफिसात गेलो. तिथले बाबू भले माणूस. त्यांनी समजावलं की मोजणारा त्या जागी गेलाच नाही असं लिहू नका, मग बाकीच्या मोजणीवरही शंका निघते, सगळीच हद्द पुन्हा पाहू म्हणतील, आणि आहे तेवढंही अडकून पडेल. अध्यक्ष म्हातारे होते, आजारी होते, असं लिहा, त्याला कोणी हरकत घेत नाही. त्यांनी सांगितलं ते खरंच होतं, मी एका वकिलीणबाईंनाही विचारलं. सगळ्या पोडाचं जंगल एका बाजूला आणि मेलेल्या माणसाचं नाव दुसऱ्या बाजूला. काय करायचं ते आंधळ्यालाही कळेल. पण हे ऐकून मला बरं वाटलं, बा. जिना उतरताना एकदम हलकं वाटलं. ते मात्र मी कोणाला सांगू शकत नाही.

आज सभा झाली. चावडी भरली होती, पोरीबाळीसुद्धा. मी ठराव वाचला. “तत्कालीन अध्यक्ष यांची प्रकृती ठीक नसल्याने व त्यांनी दिलेल्या सूचनेवरून सदर क्षेत्राची हद्द चालून घेण्यात आली नाही.” यातलं ‘प्रकृती ठीक नसल्याने’ हे बाबूंनी सांगितलेलं. ‘त्यांनी दिलेल्या सूचनेवरून’ हे त्यांनी सांगितलेलं नाही. ते मी घातलं. ते नसतं तरी काम झालं असतं. काल लिहिताना हात आपोआप तिकडं गेला आणि मी त्याला थांबवला नाही. सगळ्यांनी हात वर केले. मी विचारलं, कोणाला काही बोलायचं आहे का? नेहमी विचारतो तसं.

मोठमाय उठली. आता तिला धड उभं राहता येत नाही, नातसुनेनं काखेत धरलं होतं. मला वाटलं, आता ही तुझ्या नावानं बोटं मोडणार, आणि तिनं मोडली तर मी बोलेन, यावेळी नक्की बोलेन, असं मी मनाशी म्हणालो. तिनं सगळ्या चावडीकडं पाहून सांगितलं, “थो बलावत होता मले. दोन खेप बलावलं. म्या गेली नाई. मोहापाई मानूस सोडला म्या.” मग जरा थांबली, धाप लागली होती. “झाडं येतील का नाई येतील, मी काई पाहाले राहत नाई. पन म्या त्याले माफ केलं. लिवून घ्या तुमच्या वहीत, नाईकाले माफ केलं म्हनून.” बायका पदर डोळ्याला लावायला लागल्या. ती माझ्याकडं वळली. “थो तं नाई आता. तू त्याचा लेक हायेस, त्याच्या जागी तूच आयक.”

सगळे माझ्याकडं पाहत होते. बोलायला यापेक्षा चांगली वेळ मला जन्मात मिळणार नव्हती. मी उठलो, पुढं गेलो, तिच्यासमोर दोन्ही हात जोडले आणि तुझी माफी तुझ्या नावानं घेतली. तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला, मायेनं आपल्या कानशिलावर बोटं मोडली, आणि साऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “बापावर नाई गेला हा. बरं झालं बाई.”

आणि मी मान हलवली, बा. हो म्हणून.